बाईंचा बंदोबस्त

आमच्या खात्याच्या एकाही कागदावर बाईंचं नाव धड लिहिलेलं नव्हतं. सगळीकडे 'सदर महिला'. सदर महिलेस संरक्षण पुरविण्यात यावे. सदर महिला सहकार्य करीत नाही. सदर महिलेच्या जीवितास धोका आढळून येत नाही. सदर महिला जखमी अवस्थेत मिळून आली. मीही इथे त्यांचं नाव लिहिणार नाही, पण माझं कारण वेगळं आहे. त्यांनीच मला एकदा बजावलं होतं, "माझा नाव खंय घालू नको रे. नाव घातलंस काय लोक म्हणतले, ता त्या बाईच्या बाबतीत झाला. आणि हात धुवून जेवाक बसतले."

मी त्यांचा अंगरक्षक होतो. दहा महिने. कमरेला पिस्तूल लावून मी त्यांच्या मागे चार पावलं चालायचो आणि त्या थांबून मला शेजारी घ्यायच्या. "मागे चलू नको. माका वाटता तू माका धरून नेतंस."

उंचीने माझ्या खांद्याखाली, अंगाने काटकुळ्या, वय बहात्तर. मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. बारा महिने हातात छत्री. पाऊस नसो, ऊन नसो, छत्री मिटलेली आणि बोलताना समोरच्याच्या छातीवर रोखलेली. गावातल्या हायस्कुलात तीसेक वर्षं त्यांनी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं होतं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वर्गात साठ पोरां होती. घरात आनी एक कित्याक?"

पहिल्या दिवशी मी सकाळी आठला त्यांच्या पडवीत जाऊन सलाम ठोकला. त्यांनी आधी माझं ओळखपत्र मागितलं, चष्मा लावून वाचलं, फोटो आणि मी ताडून पाहिलं.

"खंयचो तू?"

मी गाव सांगितलं. घाटाच्या पायथ्याचं, भात आणि काजू पिकवणारं.

"म्हंजे शेतकऱ्याचो झिल. बरा. आता सांग, ता पिस्तूल कोणार चालवतलंस?"

"हल्ला करणाऱ्यावर, बाई."

"तो माझो विद्यार्थी आसलो तर?"

मी पिस्तुलाकडे पाहिलं.

"ह्या गावात पन्नाशीच्या आतलो जो तो माझो विद्यार्थी आसा. माका मारूक येतलो तोपण. तेवा ता पिस्तूल वायच सांभाळून." मग त्यांनी नियम सांगितले. हत्यार स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मी जेवणार तो त्यांच्यासोबत, पडवीत एकटा नाही. आणि त्यांच्या बाजाराची पिशवी मी उचलणार नाही. "तुका सरकारान पिशवी धरूक पगार देऊक नाय."

त्यांना संरक्षण का द्यावं लागलं, ते सांगायला हवं. गावात देवीची जत्रा भरते. त्या जत्रेत बांगड्यांचं दुकान लावणारं एक मुसलमान घर आहे, शेजारच्या गावचं. दुकानात बसणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणतात. चाचाच्या बापाने, आज्याने या गावच्या लेकीसुनांचे हात भरले. माझ्या नेमणुकीच्या आधीच्या जत्रेपूर्वी ग्रामसभेत ठराव आला, की जत्रेत परक्या लोकांना दुकान लावू देऊ नये. ठराव आणणाऱ्याला गाव भाऊ म्हणतं. भाऊ ठेकेदार, शिवाय पुढारी, आणि अर्थातच बाईंचा विद्यार्थी.

बाई उभ्या राहिल्या. छत्री रोखली. "परको म्हंजे कोण? व्याख्या दी."

भाऊ हसला. "बाईनू, ह्यो देशाचो प्रश्न आसा."

"मगे देशाच्या पुस्तकात बघूया." पिशवीतून त्यांनी शाळेचं पाठ्यपुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि सभेला सांगितलं, "जंय चार पिढ्यो काकणां भरणाऱ्या माणसाक परको म्हणतत, तो माझो देश न्हय. माझो देश हयसर आसा, ह्या पानार."

ठराव तरीही झाला. दीडशे हात वर गेले असतील. एवढ्यांना मी शिकवलं, असं बाई नंतर माझ्याजवळ म्हणाल्या होत्या. त्या वर्षी चाचा जत्रेला आला नाही. पण बाईंनी जिल्ह्याला अर्ज केला, एसटीने सात वेळा ओरोसच्या जिल्हा कचेरीत खेपा घातल्या आणि दोन महिन्यांत ठराव बेकायदा म्हणून रद्द करून आणला. त्याच आठवड्यात लोकांच्या फोनवर सभेच्या चित्रणाचा एक तुकडा फिरायला लागला. त्यात बाई छत्री रोखून उभ्या आहेत आणि फक्त चार शब्द बोलतात. "तो माझो देश न्हय." मागचं कापलेलं, पुढचं कापलेलं. चार शब्दांत बाई देशद्रोही झाल्या.

मग फोन, मग पत्रं, मग अंगणात कुणीतरी टाकलेलं मेलेलं कुत्रं. मुंबईच्या वर्तमानपत्रांत बातमी आली तशी आमच्या साहेबांची पंचाईत झाली आणि मला पाठवलं गेलं. बाईंची कुणाला काळजी होती असं मी म्हणणार नाही. बातमीची होती.

धमकीची पत्रं बाई लाल पेनाने तपासायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं. चहा घेत पडवीत बसायच्या आणि ऱ्हस्वदीर्घ सुधारायच्या. एका पत्रात 'तूझा मुडदा पाडु' असं होतं. त्यांनी 'तू' ऱ्हस्व केला, 'डु' दीर्घ केला, समासात लिहिलं, 'विषय स्पष्ट. भाषा अशुद्ध. दहापैकी तीन.' आणि ते पत्र बाजारातल्या फळ्यावर, जिथे ग्रामपंचायतीच्या सूचना लागतात तिथे, स्वतः टाचणीने लावलं. दोन दिवस गाव येता-जाता वाचत होतं. हसायला कुणाची छाती झाली नाही.

मी साहेबांना कळवलं. साहेबांनी शेरा मारला, 'सदर महिला सहकार्य करीत नाही.'

एकदा एक पत्र वाचताना त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काय झालं, बाई?"

"काय नाय. अक्षर वळखीचा आसा. ज-ची शेपटी अशी खाली सोडणारो एकच होतो माझ्या वर्गात."

"नाव सांगा."

"नाय."

मी चिडलो. मी त्यांच्यावर आवाज चढवला तो तेवढा एकदाच. "बाई, हा माणूस तुम्हाला मारायची भाषा करतोय. मी रोज माझी बायको-पोरं सोडून तुमच्या पडवीत बसतो आणि तुम्ही मला नाव सांगत नाही? मग मी इथे कशाला आहे?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तू पोलीस आसस, तू शोध. मी मास्तरीण. मी निकाल लावतंय, चाडी करणंय नाय."

ते नाव त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शिक्षकाचा स्वभाव म्हणून लोक कौतुकाने हे सांगतात. मला त्याचं कौतुक वाटत नाही. ते नाव मिळालं असतं तर मी एका तरी माणसाला वेळेत आत बसवलं असतं.

गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला असं कुणी कबूल करणार नाही. तसा ठराव झाला नव्हता. पण रिक्षा त्यांच्यासाठी थांबत नसे. दुकानदार त्यांना बघितलं की आत जाऊन काहीतरी शोधू लागे. ज्या पोरांना त्यांनी पदरचा डबा खाऊ घातला होता, ती आता बाप होऊन समोरून येताना फोन कानाला लावत. फक्त शेजारची मासे विकणारी बाय रोज टोपली घेऊन पडवीत टेकायची आणि म्हणायची, "बाईनू, बांगडो ताजो आसा, घेवा. गाव गेलो खड्ड्यात." बाई गावावर कधी चिडून बोलल्या नाहीत. हजेरी घेतल्यासारखं एकच बोलत, "गैरहजर. हो पण गैरहजर." मी मात्र चिडायचो. हल्ला करणाऱ्यांपेक्षा मला हे फोन कानाला लावणारे जास्त टोचत. मारायला येणारा निदान समोर तरी येतो.

पावसाळा सरल्यावर एका बाजारच्या दिवशी बाई म्हणाल्या, "चल, चाचाकडे." शेजारचं गाव तीन किलोमीटर. रिक्षा मिळणार नव्हती, चालत गेलो. ठराव रद्द झाला होता, तरी चाचाने या वर्षीही जत्रेला यायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच्या घरापुढच्या ओट्यावर बांगड्यांच्या पेट्या दोरी बांधून ठेवल्या होत्या.

"बाईनू, माका नको," तो हात जोडून म्हणाला. "तुमी केलात ता खूप केलात. मी घराक बसतंय. नातवंडां आसत माझी."

बाई ओट्यावर बसल्या. ज्यांनी जन्मात कधी काचेची बांगडी घातली नाही, त्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं आणि दोन्ही हात चाचापुढे केले.

"भर."

चाचाने बांधलेल्या पेट्यांकडे पाहिलं.

"भर रे. गिऱ्हाईक दारात इला. तू दुकानदार आसस काय नाय?"

त्याने पेटीची दोरी सोडली. हिरव्या बांगड्या काढल्या. म्हाताऱ्या हाडांवरून बांगडी चढवायची म्हणजे कसब लागतं. तो बाईंची बोटं एकत्र दाबत, हळूहळू, एक-एक चढवत होता. रस्त्यावरून बाजाराला जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. बारा बांगड्या झाल्यावर बाईंनी हात हलवून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "जत्रेक दुकान लाव. मी येऊन बसतंय. माझ्यावांगडा सरकार आसा," आणि माझ्याकडे बोट केलं.

मी सरकार. त्या दिवशी मला अभिमान वाटला होता. आज आठवलं की तोंड कडू होतं, कारण जत्रेला तीन आठवडे असताना सरकार काढून घेतलं.

त्याचं असं झालं, की भाऊला धमकीचं पत्र आलं. निदान त्याने तसं सांगितलं. ते पत्र मी पाहिलंय. संगणकावर छापलेलं, आणि उजव्या कोपऱ्यात शाईचा एक लांबट डाग. तसाच डाग भाऊच्या कार्यालयातून निघालेल्या प्रत्येक निमंत्रणावर असायचा. मी हे साहेबांना दाखवलं. पत्र आणि निमंत्रण दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. साहेबांनी दोन्ही कागद उलटे करून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "तुझं काम मागे उभं राहायचं आहे. डाग बघायचं नाही."

भाऊला चार हत्यारी पोलीस मंजूर झाले. मनुष्यबळ कमी, म्हणून कुठून तरी काढायचे. बाईंचा एकमेव पोलीस काढला, आणि तो, म्हणजे मी, भाऊच्या चारांत घातला. ज्या माणसाने आग लावली त्याच्या संरक्षणाला, जिच्या घराला आग लागणार होती तिचा पोलीस.

आदेश मीच बाईंना नेऊन दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला.

"'धोका आढळून येत नाही.' आढळाक शोधूचा लागता रे. शोधल्यान कोणी?"

"समिती असते, बाई."

"समितीन माका इचारल्यान?"

"नाही."

"तुका?"

"नाही."

"मगे कोणाक?"

मला माहीत होतं. गावात येऊन चौकशी केली ती भाऊच्या कार्यालयात बसून, भाऊचा चहा पिऊन. त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मला वाटलं लाल पेन काढतील. काढला नाही. "जेवून जा," म्हणाल्या.

जेवण झालं, मी निघालो, तेव्हा त्या मागून हळूच म्हणाल्या, "मागच्या दाराची कडी सैल झालीहा. वायच आवळून देतलंस?"

दहा महिन्यांत त्यांनी त्या कडीचं नाव काढलं नव्हतं. मी स्क्रू आवळत होतो आणि त्या मागे उभ्या राहून बघत होत्या, नीट बसला का, हलत तर नाही ना. तेव्हा मला कळलं की बाई घाबरतात. इतके दिवस घाबरतच होत्या.

भाऊकडची नोकरी म्हणजे गाडीचं दार उघडणे, गाडीचं दार लावणे, हार धरणे, लग्नात तो अक्षता टाकताना फोटोत मागे दिसणे. धोका कुणापासून, हे त्यालाही सांगता आलं नसतं. चार पोलीस उतरले की लोक बाजूला होत, एवढंच त्याला हवं होतं. मागच्या निवडणुकीपर्यंत स्कूटरवर फिरणारा माणूस चार बंदुकांमध्ये उभा राहिला की आपोआप मोठा दिसायला लागतो. त्याला मोठं करायला सरकारने मला वापरलं.

जत्रेच्या दिवशी आम्ही साडेदहाच्या सुमाराला पोचलो. गाडी देवळामागच्या मैदानात लावली. तिथून दुकानांची रांग दिसत होती. चाचाचं दुकान चौथं, आणि दुकानात लाकडी स्टुलावर बाई. छत्री मांडीवर आडवी. मी पुढच्या सीटवर होतो. मागे भाऊ फोनवर बोलत होता. आवाज खाली आणण्याचीही त्याला गरज वाटली नाही, इतके आम्ही त्याच्या लेखी गाडीचा भाग होतो.

"म्हातारी बसलीहा दुकानात. मी दर्शन घेऊन भायर पडतंय, मगे काय ता उरकून घेवा. माझ्यासमोर नको."

मी हे शब्द ऐकले. माझ्यासोबतच्या हवालदारानेही ऐकले. गाडीतून उतरल्यावर मी त्याला म्हटलं, "ऐकलंत ना?" तो म्हणाला, "आपल्याला ऐकू येत नाही. आपल्याला फक्त दिसतं, आणि तेही भाऊंच्या आजूबाजूचं."

मी ठाण्याला फोन करू शकत होतो. धावत जाऊन बाईंना उठवू शकत होतो. भाऊ देवळात गेला, मी त्याच्या मागे गेलो. तो देवीपुढे डोळे मिटून उभा होता आणि मी त्याच्या पाठीला पाठ लावून, लोक दूर ठेवत. दहा मिनिटं होती माझ्या हातात. त्या दहा मिनिटांत मी काहीही केलं नाही. मनाला सांगत राहिलो, की नुसती दमदाटी करतील, दुकान उचलायला लावतील. एवढ्या गर्दीत, एवढ्या उजेडात, बाईंच्या अंगाला कोण हात लावणार?

आम्ही बाहेर आलो आणि आरडाओरडा झाला. दहाबारा तरुण, तोंडाला रुमाल. ते पेट्या फेकू लागले तशा बाई स्टुलावरून उठल्या आणि चाचाच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मला त्यांची रोखलेली छत्री दिसली. एकाने डबा उलटा केला. इंजिनचं जळकं काळं तेल, बाईंच्या डोक्यावरून खाली. दुसऱ्याने ढकललं. त्या फुटलेल्या काचांवर पडल्या. घोषणा चालू होत्या, देशाच्याच. देवीची ओटी भरायला आलेल्या बायका, नारळ घेतलेले बाप्ये, शेकडो माणसं गोल करून उभी. हातात फोन. कुणी पुढे झालं नाही.

माझ्यापासून तीस पावलांवर.

"चला, गाडी काढा," भाऊ म्हणाला. "आपण हडे थांबूचा नाय."

नियम असा, की गडबड झाली तर संरक्षित व्यक्तीला आधी सुरक्षित जागी हलवायचं. मी नियम पाळला. मी गाडीचं दार उघडलं. तो बसला. मी दार लावलं, पुढे बसलो आणि त्याला त्याच्या घरापर्यंत सुखरूप पोचवलं.

तिथून मी मोटरसायकल मागून घेतली आणि परत आलो, तोवर मासेवाल्या बायने आणि चाचाने बाईंना टेम्पोत घालून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं होतं. पंचनामा सुरू होता. 'सदर महिला पाय घसरून पडल्याने काचेच्या तुकड्यांमुळे किरकोळ जखमा.' खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन्ही मनगटांत हिरव्या काचा रुतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. तेल निघेना म्हणून नर्सने बाईंचे केस कापले होते. पोरासारखं डोकं. मी पायाशी उभा राहिलो आणि मला रडू फुटलं.

"खंय होतस?"

"थंयच होतंय, बाईनू. तीस पावलांर." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना बाईनू म्हटलं. मग गाडीतलं फोनवरचं बोलणं सांगितलं, शब्द न शब्द. दार उघडलं तेही सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता बाहेर काढतील.

"रडू नको. रडण्याची नोंद खंय होणा नाय. ऐकलंस ता जबाबात सांगतलंस?" मग म्हणाल्या, "तुझी नोकरी आसा, पोरां आसत. सांग म्हणान मी म्हणणंय नाय. इचारतंय."

दहा महिन्यांत त्यांनी मला असंख्य गोष्टी करायला लावल्या होत्या. विचारलं कधी नव्हतं.

मी जबाब दिला. साहेबांनी समजावलं, मग दम दिला. संरक्षित व्यक्तीचं खाजगी बोलणं उघड करणं म्हणजे कर्तव्यात कसूर, असं लेखी कळवलं. मी सही मागे घेतली नाही. पंधरा दिवसांत माझी बदली खारेपाटणच्या बाजूला, जिल्ह्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर झाली. अजून तिथेच आहे. दिवसभर ट्रक अडवतो.

आता ऐका. हल्ल्याच्या गुन्ह्यात आरोपी 'अनोळखी इसम'. आणि त्या चार शब्दांच्या तुकड्यावरून देशाचा अपमान केल्याची तक्रार मात्र थेट कोर्टात, बाईंवर, नावपत्त्यासह. त्याचं समन्स त्यांना खाटेवर मिळालं. त्या खूश झाल्या. "आरोपी म्हणून तरी माका पुरता वाक्य बोलूक देतले."

तारखेला मी रजा टाकून गेलो. बाई वॉकर धरून आल्या. ऑफिसात किंवा कोर्टात त्या मालवणी बोलत नसत, एकदम पुस्तकी मराठी सुरू व्हायची. समोरच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही भारताला आपला देश मानता का?"

"मानण्याचा प्रश्न येत नाही," बाई म्हणाल्या. "मी इथे जन्मले. मानायला तो काय नवस आहे?"

मासेवाल्या बायच्या फोनमध्ये ग्रामसभेचं पूर्ण चित्रण होतं. ते कोर्टात लावलं. आख्खं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. तक्रार निकालात निघाली. ज्या माणसांनी तो तुकडा पुढे ढकलला होता, त्यातल्या एकानेही ते पूर्ण वाक्य पुढे पाठवलं नाही. मी वाट बघितली. एकानेही नाही.

खुब्याचं हाड जुळलंच नाही. पडून पडून छाती भरली आणि तीन महिन्यांत बाई गेल्या. तिरडीला खांदा द्यायला मासेवालीचा नवरा, चाचाचे दोन मुलगे आणि मी. त्यांच्या जातीच्या घरांतलं कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात फलक लागला, 'गावच्या भूषण, आदर्श शिक्षिका यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' बाईंचा फोटो हाताएवढा आणि भाऊचा माणसाएवढा. शोकसभेत तो रडलाही म्हणतात, चार पोलीस मागे घेऊन. मी तो फलक फाडला नाही. फाडायला हवा होता.

गेल्या महिन्यात हल्ल्याच्या खटल्यात माझी साक्ष झाली. आरोपी म्हणून भाऊचं नाव आलं ते चाचाने वकील लावून, झगडून आणलं, हेही सांगितलं पाहिजे. 'मी घराक बसतंय' म्हणणाऱ्या चाचाने. मी पिंजऱ्यात उभा राहून फोनवरचे शब्द जसेच्या तसे सांगितले. भाऊच्या वकिलाने विचारलं, "एवढं ऐकूनही तुम्ही काही केलं नाहीत, म्हणजे तुम्हाला ते गंभीर वाटलं नव्हतं, बरोबर?"

"गंभीर वाटलं होतं," मी म्हणालो. "मी भ्यालो."

टंकलेखकाने न्यायाधीशांकडे बघितलं. न्यायाधीश म्हणाले, "लिहा."

बाहेर व्हरांड्यात भाऊ आपल्या चार पोलिसांसह उभा होता. मी जवळून जाताना तो हसून म्हणाला, "नाक्यार रातचो एकटोच आसतंस मां? ट्रक जोरात येतत. सांभाळून ऱ्हव." चौघांनीही ते ऐकलं. चौघांनीही समोर बघितलं. त्यांतला एक तोच हवालदार होता.

मी तसाच शहरातल्या पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार माझ्याच भरतीतला.

"तक्रार नोंदवायची आहे. धमकीची."

कुणाविरुद्ध ते ऐकल्यावर त्याने खुर्ची मागे सारली. "अरे, तू आपला माणूस. चहा घे. हे असलं कशाला? फार तर संरक्षणासाठी अर्ज कर, मी पुढे पाठवतो."

"संरक्षण नको. ते काय असतं मला माहीत आहे. तू फक्त लिहून घे."

"साहेब बाहेर गेलेत."

"थांबतो."

मी समोरच्या बाकावर बसलो, जिथे तक्रारदार बसतात तिथे, वर्दीत. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लोक येत होते, जात होते. ठाण्याचे साहेब आले, मला बघून आत गेले. अंमलदार दोनदा आत जाऊन आला. मला चहा आला, तो मी प्यायलो नाही. सहाला ड्युटी बदलायची वेळ झाली तरी मी उठेना, तेव्हा त्याने कोरा कागद पुढे ओढला.

"सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं. त्याने 'सदर इसम' असं लिहायला सुरुवात केली, तसा मी उठलो, टेबलाशी गेलो आणि त्याला ते खोडायला लावलं. भाऊचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, सगळं लिहून घेतलं. मग प्रत्येक ओळ वाचून पाहिली आणि सही केली.